पांढऱ्या कापडावर तपकिरी ठिपके आणि वाकडे चौकोन: नवी इस्त्री घ्यायच्या आधी काय तपासायचं

दुपटं जवळजवळ झालं होतं. नऊ-नऊ तुकड्यांचे बारा चौकोन, मधूनमधून पांढरं केंब्रिक. बारसं दोन दिवसांवर. शेवटचा हात म्हणून इस्त्री फिरवताना वाफेचं बटण दाबलं आणि इस्त्रीने फुर्र करून केंब्रिकवर चहाच्या रंगाचे सहा ठिपके टाकले.

हे माझ्याकडे तिसऱ्यांदा घडलं. आधीच्या दोन्ही वेळी मी इस्त्रीच बदलली होती. पहिली भंगारात गेली. दुसरी बहिणीने नेली आणि तिच्याकडे ती तीन वर्षं बिनतक्रार चालली. तिसऱ्या वेळी दुपट्याकडे बघत बसले असताना उजेड पडला: बहिणीकडे नळाला नदीचं पाणी येतं, माझ्याकडे बोअरचं.

गोधडी शिकायला येणाऱ्या बायका पहिल्याच आठवड्यात विचारतात, "ताई, इस्त्री कुठली घेऊ?" मी आधी त्यांची जुनी इस्त्री घेऊन यायला सांगते. निम्म्याहून जास्त वेळा नवी घ्यावीच लागत नाही.

ठिपका कसला आहे ते आधी ओळखा

एक जुना, स्वच्छ, पांढरा रुमाल घ्या. इस्त्री कोरडीच गरम करा आणि वाफ बंद ठेवून रुमालावर चांगली फिरवा. तपकिरी पट्टा किंवा ओघळ उमटला तर घाण तळावर आहे. रुमाल स्वच्छ राहिला तर आता टाकीत पाणी भरून, वाफ पूर्ण सोडून तीच इस्त्री दुसऱ्या कोपऱ्यावर धरा. तळाच्या भोकांच्या जागी ठिपके उमटले तर घाण आत आहे. एवढ्या पाच मिनिटांच्या कामासाठी मी दोन इस्त्र्या घालवल्या.

डाग स्वतःही बोलतो. कोमट पाण्यात साबण लावून चोळल्यावर निघून गेला तर ती करपलेली खळ किंवा स्टार्च होती. साबणाला दाद न देता लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवल्यावर फिका पडला तर गंज. दोन्हीला हलला नाही, हात लावला तर कापड कडक लागतंय, तर तो डाग नाही, कापडच भाजलंय. लिंबू-मीठ फक्त पांढऱ्यावर लावा, रंगीत कापडाचा रंग ते घेऊन जातं. माझ्या दुपट्यावरचे सहापैकी चार ठिपके लिंबाने गेले. उरलेल्या दोनांवर खणाची दोन फुलपाखरं बसली. बारशाला सगळ्यांनी नेमकं त्या फुलपाखरांचंच कौतुक केलं आणि मी गप्प राहिले.

घाण आत असेल तर: पाणी

वाफेची इस्त्री आतून फार साधी असते. टाकीतलं पाणी एका बारीक झडपेतून थेंबाथेंबाने गरम तळाच्या आतल्या खोबणीत पडतं आणि तिथल्या तिथे त्याची वाफ होते. पाणी उडून जातं, पाण्यातले क्षार मात्र तिथेच बसतात. बोअरच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट तापले की त्यांचा पांढरा, कडक खडू होतो. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर बसतो तोच. काही बोअरच्या पाण्यात लोहही असतं. ते बादलीत निवांत ठेवलं तर वर तपकिरी छटा येते. शिवाय टाकी भरलेली ठेवून इस्त्री आठवडाभर कपाटात गेली की आतल्या लोखंडी स्क्रूंना, स्प्रिंगांना गंज चढतो. हे सगळं एकत्र होऊन एके दिवशी वाफेच्या जोराबरोबर बाहेर पडतं. आणि तो दिवस नेमका पांढऱ्या कापडाचाच असतो.

आपलं पाणी जड आहे का, हे कळायला यंत्र लागत नाही. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, वाळलेल्या स्टीलच्या भांड्यावर पांढरे डाग राहतात. ही लक्षणं असतील तर इस्त्रीत ते पाणी घालू नका.

मग कुठलं घालायचं? घरात आरओ असेल तर त्याचं पिण्याचं पाणी चालतं. इथे एक घोटाळा मी दोन घरांत पाहिला. आरओच्या बाजूच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते बादलीत साठवून फरशी पुसायला वापरतात, ठीकच आहे. पण त्याच बादलीतून इस्त्री भरली जात होती. त्या पाण्यात तर मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. आरओ नसेल तर पाणी पाच-दहा मिनिटं खळखळून उकळा, गार होऊ द्या आणि तळातला गाळ न हलवता वरचं मलमलीतून गाळून घ्या. उकळल्याने सगळे क्षार जात नाहीत, पण बायकार्बोनेटचा बराचसा भाग पातेल्याच्या बुडाशी बसतो. तो पातेल्यात बसलेला बरा.

बॅटरीत घालायचं पाणी क्षारविरहित असतं, म्हणून काही जणी ते आणतात. बाटलीवरचं लेबल नीट वाचून घ्या, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही मिळतं. शिवाय काही इस्त्र्यांना निव्वळ क्षारविरहित पाणी चालत नाही, निम्मं साधं पाणी मिसळायला सांगितलेलं असतं. इस्त्रीबरोबर आलेलं पुस्तक यासाठीच असतं. आपण ते वॉरंटी कार्डासोबत पिशवीत घालून विसरतो. एसीतून गळणारं पाणी फुकट आणि स्वच्छ दिसतं, पण त्यात धूळ आणि बुरशी असते. ते कुंडीला घाला.

आत साचलेलं काढायची रीत: टाकी पूर्ण भरा, इस्त्री सर्वात जास्त उष्णतेवर ठेवा, दिवा विझला की प्लग काढा. मोरीवर आडवी धरून सेल्फ-क्लीनचं बटण दाबा किंवा वाफेची कळ पूर्ण उघडा आणि इस्त्री मागेपुढे हलवत राहा. उकळतं पाणी आणि वाफ एकदम येते, हात लांब ठेवा, मुलं आसपास नकोत. पांढरे कण, तपकिरी पाणी बाहेर पडेल. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन वेळा करा, मग जुन्या टॉवेलवर फिरवून तळ कोरडा करा. बोअरचं पाणी वापरून झालं असेल तर महिन्यातून एकदा हे कराच. व्हिनेगर घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी घालत नाही. आम्लाने आतली रबरं आणि धातूचा लेप खराब होतो आणि बऱ्याच उत्पादकांनी ते घालू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणि रोजची सवय एकच: काम संपलं की इस्त्री गरम असतानाच टाकी रिकामी करायची, कळ कोरड्यावर न्यायची, इस्त्री टाचेवर उभी करायची. उरलेली वाफ निघून जाते, आत ओल राहत नाही.

ठिपके नाहीत, पण पाणीच गळतं

याचं कारण बहुतेक वेळा उष्णतेची कळ खाली असणं हे असतं. तळ पुरेसा तापलेला नसला की थेंबाची वाफ होत नाही, तो पाणी म्हणूनच भोकातून खाली येतो. इस्त्रीच्या उष्णतेच्या कळीवर छापलेले ठिपके हे कपड्याच्या लेबलवरच्या ठिपक्यांचे भाऊ: एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २०० अंश सेल्सिअसची मर्यादा. वाफ दोन ठिपक्यांच्या पुढेच धड होते. म्हणजे रेशमावर एका ठिपक्याने इस्त्री करताना वाफ मागणं हे गळतीला आमंत्रण. वाफेचं बटण एकापाठोपाठ सात-आठ वेळा दाबलं तरी तळ गार पडतो आणि पाणी येतं. थोडं थांबायचं, दिवा पुन्हा विझू द्यायचा. हे सगळं पाळूनही गळत असेल तर झडपेचं रबर गेलं आहे, दुरुस्तीवाल्याकडे न्या.

चौकोन वाकडे का होतात

माझ्या मते गोधडीवाल्यांची खरी अडचण ही आहे आणि इस्त्री कितीही महाग घेतली तरी ती सुटत नाही.

आमच्या आजीच्या वाकळेला इस्त्री लागायची नाही. जुनी लुगडी अंथरायची, चार कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा नाहीतर दगड ठेवायचे, आणि काठापासून आत धावदोरा घालत जायचं. ठिगळ वरून बसायचं, त्यामुळे माप अर्धं बोट इकडेतिकडे झालं तरी वाकळ पोटात घ्यायची. आता आपण मशीनवर पाव इंचाची माया, म्हणजे शिलाईच्या बाहेर सोडलेलं कापड, धरून तुकड्याला तुकडा जोडतो. इथे माफी नाही. दहा तुकड्यांच्या ओळीत नऊ शिलाया येतात. प्रत्येक शिलाईपाशी नीट न दाबलेली बारीक घडी राहिली आणि तिने अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग खाल्ला, तर ओळ साडेचार सुतांनी आखूड होते. अर्ध्या इंचाहून जास्त! शेजारची ओळ बरोबर असेल तर त्या दोघी जुळणार कशा? मग आपण ओढून-ताणून जुळवतो, आणि गोधडी मधोमध पापडासारखी फुगते.

घडी राहू नये म्हणून आपण काय करतो? वाफ सोडून इस्त्री जोरात घासतो. इथे दुसरी चूक होते. सुती धागा ओला आणि गरम असताना सैल पडतो, ओढाल तसा जातो आणि वाळताना त्याच आकारात बसतो. ताण्याच्या, म्हणजे लांबीच्या, दिशेने कापड फारसं हलत नाही, बाण्याच्या, म्हणजे रुंदीच्या, दिशेने थोडं देतं, पण तिरकं, म्हणजे उरेब, कापलेलं असेल तर रबरासारखं लांबतं. त्रिकोण जोडून केलेल्या चौकोनात प्रत्येक त्रिकोणाची निदान एक बाजू उरेबच असते. त्यावर वाफेची इस्त्री ढकलली की चौकोनाचा पतंग झालाच म्हणून समजा.

म्हणून शर्टाला करतो तशी इस्त्री गोधडीला करायची नाही. इस्त्री ठेवायची, दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. सरकवायची नाही. आधी शिलाई जशी मशीनवरून आली तशीच, तुकडे मिटलेले असताना दाबायची. टाका कापडात बसतो. मग वरचा तुकडा उलगडून, बोटाने शिलाई मोकळी करून, इस्त्रीचं टोक शिलाईच्या रेषेवर टेकवायचं. माया गडद कापडाच्या बाजूला वळवा, नाहीतर पांढऱ्यातून ती सावलीसारखी दिसते. एका ओळीची माया उजवीकडे वळवली तर खालच्या ओळीची डावीकडे, म्हणजे जोडताना शिलाया एकमेकींत बोटांसारख्या अडकतात आणि कोपरे जुळतात. ब्लाउज-कुर्त्याला आपण माया फाकवून दाबतो, ती सवय इथे आड येते.

घडी जात नसेल तर फवाऱ्याची बाटली घ्या, पाण्याचा बारीक शिडकावा मारा, दोन क्षण मुरू द्या आणि कोरडी इस्त्री टेकवून ती जागा पूर्ण वाळेपर्यंत धरा. ओलं ठेवून उचललंत तर कापड पुन्हा सुरकुततं. दाबलेला तुकडा गार झाल्याशिवाय हलवायचा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. मी त्यावर लाकडी पट्टी ठेवते.

आणि नवं कापड आधी धुवा. मांजरपाट तर धुतल्याशिवाय कात्रीलासुद्धा लावू नका, आटतो. न धुतलेल्या लाल खणावर वाफ पडली आणि खाली पांढरं असलं की गुलाबी ढग उमटतो. तो लिंबाने जात नाही.

इस्त्रीखाली काय आहे याचाही हिशोब घ्या. घडीच्या टेबलावरचा पातळ फोम दबतो आणि चौकोन त्यात बुडून ताणला जातो. माझ्याकडे एक जुनी घोंगडी आहे, तिची चौपदरी घडी आणि वर घट्ट ताणलेली सुती चादर. लोकर उष्णता धरून ठेवते, त्यामुळे कापड वरून आणि खालून दोन्हीकडून दाबलं जातं. परदेशात गोधडी करणाऱ्या बायका लोकरीच्या खास चटया विकत घेतात; घोंगडी असेल तर तो खर्च वाचला. फक्त पॉलिश केलेल्या जेवणाच्या टेबलावर थेट करू नका, वाफेची ओल खाली उतरून पांढरा डाग पडतो.

चिकटते, चमक येते, तळ काळा होतो

कापडात कृत्रिम धागा असतो हे मुख्य कारण. दुकानदार सुती म्हणतो म्हणून कापड सुती होत नाही. काठाचा एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवा: कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सुती, केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर, आकसून कडक काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर तीन ठिपक्यांवर आधी चमकतं, मग चिकटतं. सुती आणि पॉलिएस्टर एकाच चौकोनात असतील तर उष्णता पॉलिएस्टरच्या मापाने ठेवायची, वर सुती फडकं टाकायचं. स्वस्तातल्या जरीची तीच कथा, ती बहुधा प्लास्टिकच्या पट्टीवर चढवलेली असते. जरीचा काठ उलट्या बाजूने, फडक्याखालून.

थर्मोस्टॅटची एक खोड लक्षात ठेवा. गार इस्त्री चालू केली की पहिल्या फेरीत ती ठरवलेल्या उष्णतेच्या पुढे जाते. दिवा एकदा विझून, पुन्हा लागून, दुसऱ्यांदा विझेपर्यंत नाजूक कापडाला हात लावू नका.

इस्त्रीने चिकटणारा कॅनव्हास, म्हणजे कापडाला कडकपणा द्यायला आतून लावतात ते गोंदाचं अस्तर, उलटा ठेवला गेला की त्याचा गोंद तळाला लागतो. खाली-वर बटर पेपर ठेवलात तर कधीच लागणार नाही. लागलाच तर साध्या धातूच्या तळावर इस्त्री मंद गरम असताना मेणबत्ती घासून जाड जुन्या कापडावर फिरवा. कागदावर मीठ पसरून त्यावर इस्त्री फिरवायची जुनी युक्तीही धातूच्या तळालाच चालते. नॉनस्टिक तळाचा लेप मिठाने ओरखडतो. त्याला गार झाल्यावर ओलं फडकं आणि भांड्यांचा साबण एवढंच. स्टार्चचा फवारा मारल्यावर तो कापडात मुरायच्या आत इस्त्री टेकवली तर तळ काळा होणारच. कापडाच्या उलट्या बाजूने फवारा, सुलट बाजूने इस्त्री.

तापतच नाही, किंवा प्लग गरम होतो

२००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढते. ती मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटचीच आहे. कन्व्हर्टर लावून ती ६ अँपिअरच्या बोर्डात घातली, आणि त्याच एक्स्टेंशनवर मशीनची मोटर आणि दिवा, की प्लगचं प्लास्टिक मऊ पडून वास येतो. वास आला की त्याच क्षणी बंद. १००० वॉटची इस्त्री सव्वाचार अँपिअरवर भागवते, तिला छोटा सॉकेट पुरतो. गुंडाळून ठेवलेली एक्स्टेंशनची वायर आतल्या आत तापते, पूर्ण सोडूनच वापरा.

गावाकडे व्होल्टेज पडतं तेव्हा इस्त्री बिघडली असं वाटतं. १८० व्होल्टवर १००० वॉटच्या इस्त्रीची ताकद जेमतेम ६१० वॉट उरते. ती शेवटी तेवढीच तापेल, पण प्रत्येक दाबानंतर सावरायला वेळ घेईल. अशा वेळी जड तळाची इस्त्री बरी, तिच्यात उष्णता साठून राहते.

तरीही घ्यायचीच असेल तर

नुसती गोधडी आणि जोडकाम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: १००० वॉटची, जड तळाची, कोरडी इस्त्री आणि एक फवाऱ्याची बाटली. टाकी नाही म्हणजे गळती नाही, क्षार नाहीत, गंजाचे ठिपके नाहीत. तळाला भोकं नसल्याने चिकटणारा कॅनव्हासही सगळीकडे सारखा बसतो. भोकांच्या खाली तो सुटा राहतो आणि धुतल्यावर तिथेच फुगे येतात. दुकानात सहसा हलक्या इस्त्र्या पुढे केल्या जातात, "हेवी वेट" असं म्हणून मागावी लागते. मनगट दुखत असेल तर मात्र जडच्या मागे लागू नका. आयएसआयची खूण पाहा.

कपडेही शिवत असाल, जाड कॉटन, लिनन, पडदे असतील, तर वाफेची घ्या, पण वाफ पूर्ण बंद करणारी कळ तिला हवी. आपोआप बंद होणारी इस्त्री सुरक्षित खरी, पण त्यातल्या बऱ्याच आडव्या ठेवल्यास ३० सेकंदांत आणि उभ्या ठेवल्यास ८ मिनिटांत बंद होतात. एक ओळ शिवून उठेपर्यंत ती गार झालेली असते, आणि शिवणारी बाई चिडलेली. घरात लहान मूल असेल तर चिडचिड सोसा, तीच घ्या.

दुकानात इस्त्री हातात धरून पाहा. टोक अणकुचीदार आहे का, टाचेवर उभी केल्यावर टेबलाला धक्का दिला तर डुगडुगते का, तळावर स्टीलची पट्टी आडवी धरली तर खालून उजेड दिसतो का. उजेड दिसला तर तळ सपाट नाही, शिलाई कुठेतरी दाबली जाणारच नाही. डावऱ्या असाल तर वायर ज्या बाजूने निघते ती बाजू आडवी येते का तेही तिथेच बघा. आणि पर्समध्ये पांढऱ्या केंब्रिकचा एक तुकडा असू द्या. दुकानदाराला इस्त्री लावून दाखवायला सांगा, वाफेची असेल तर पाणी घालून. मी गेल्या वेळी तसं म्हटलं तेव्हा तो हसला, पण त्याने लावून दाखवली.